घरच्या रेट्रो कन्सोलला वायफाय जोडताना

नरडाण्यासारख्या गावात ब्रॉडबँड घरोघरी नसतं, पण रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर जुने गेम चालवणारं रेट्रोपाय टाकून बनवलेल्या कन्सोलला मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो. पाय ३ बी (२०१६) फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतो, त्यामुळे हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर यादीत नावच दिसत नाही. ३ बी प्लस किंवा पाय ४ असेल तर आधी रास्पी-कॉन्फिग या सेटिंग्जच्या मेनूत देश ‘इंडिया’ निवडा. तोवर वायफाय बंदच राहतं. मग रेट्रोपाय मेनूतून वायफाय उघडून पासवर्ड टाका.

लॅपटॉपही त्याच हॉटस्पॉटवर घ्या. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे इंग्रजीत रेट्रोपाय असं लिहिलं, की रोम्सचं, म्हणजे गेमच्या फाइलींचं, फोल्डर दिसतं. त्यात प्रत्येक जुन्या मशीनचं वेगळं फोल्डर असतं. गेम योग्य फोल्डरमध्ये टाका आणि गेमची यादी दाखवणारं इम्युलेशनस्टेशन रीस्टार्ट करा, नाहीतर नवा गेम यादीत येणार नाही.

या कॉपीला मोबाइल डेटा जवळपास लागत नाही, फाइल घरातल्या घरातच फिरते. शिवाय १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स जेमतेम ४० केबीचा! व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘शुभ सकाळ’ फोटोही त्याहून जड.

रोम मात्र कुठूनही उचलू नका, कॉपीराइट असतो. ‘मायक्रो मेजेस’सारखे (२०१९) नवे आठ-बिट गेम विकत मिळतात.

आणि लाइटचा भरवसा नसेल तर पॉवर बँक लावा. कॉपी चालू असताना वीज गेली तर मेमरी कार्ड बिघडू शकतं.