दहा हजार चिपा आणि पाच दिवस

बिटकॉइनचा इतिहास सांगायचा म्हटलं की बहुतेक जण भावाचा आलेख पुढे करतात. यंत्रं जुळवणाऱ्यांच्या बाजूने तोच काळ पाहिला, तर कोणत्या वर्षी बाजारात काय मिळेनासं झालं, यावरून वर्षं ओळखता येतात. कधी ग्राफिक कार्ड, कधी चिप, कधी पॉवर सप्लाय, तर कधी बोर्डाच्या कोपऱ्यात बसणारा एखादा क्षुल्लक पार्ट. टंचाई सगळ्याच धंद्यांत येते. मात्र मायनिंगमध्ये उशिरा आलेला माल तेवढाच किमती राहत नाही. वाट पाहण्यात जातो तो प्रत्येक आठवडा त्याची किंमत खाऊन टाकतो. हे सगळ्यात उघडंवाघडं दिसलं २०१३ साली, म्हणून या मागोव्यात निम्म्याहून जास्त जागा त्या एका वर्षाला दिली आहे.

त्याआधीचं थोडक्यात. २००९ साली घरच्या संगणकाच्या प्रोसेसरवरच काम भागत होतं. २०१०-११ मध्ये ग्राफिक कार्डं आली आणि एएमडीच्या रेडिऑन ५८५०, ५८७०, ५९७० या कार्डांवर लोक तुटून पडले. बिटकॉइनच्या गणितात आकड्याचे बिट गोल फिरवण्याचं काम सतत लागतं. ते या कार्डांना एका सूचनेत जमायचं, त्या वेळच्या एनव्हीडियाच्या कार्डांना जास्त पायऱ्या लागायच्या. कार्डं मिळाली की मदरबोर्डावरच्या जागा संपायच्या. मग रिबनसारख्या रायझर केबल लावून कार्डं उचलून घ्यायची आणि दुधाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये रांगेने मांडायची. त्यानंतर स्पार्टन-६ जातीच्या एफपीजीए चिपांचे बोर्ड आले. वीज कमी खायचे, पण महाग. त्यांचं राज्य फार टिकलं नाही.

खरा खेळ सुरू झाला तो फक्त मायनिंगसाठी घडवलेल्या चिपा, म्हणजे एसिक, येणार म्हटल्यावर. अमेरिकेत कॅन्सस भागातल्या बटरफ्लाय लॅब्सने जून २०१२ पासून आगाऊ पैसे घ्यायला सुरुवात केली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असा प्रकार होता. चिप हातात आली तेव्हा ती सांगितल्याच्या कितीतरी पट वीज खात असल्याचं दिसलं. मग वीजपुरवठ्याची मांडणी बदला, पंखे बदला, डबा बदला. ऑक्टोबर २०१२चा वायदा २०१३च्या वसंतापर्यंत घसरला, आणि त्यातही बहुतेकांना पुढे कैक महिने थांबावं लागलं. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कोर्टात जाऊन ती कंपनी बंद पाडली.

चीनमधल्या अॅव्हलॉनने मात्र जानेवारी २०१३च्या अखेरीस पहिलं यंत्र खरोखर गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन ठेवलं. झांग नानगेंग यांच्या या गटाने टीएसएमसीच्या ११० नॅनोमीटरच्या जुन्या, आणि म्हणूनच हाताशी असलेल्या, तंत्रावर चिप बनवून घेतली होती. एका यंत्रात तीन मॉड्यूल, प्रत्येकात ८० चिपा, एकूण २४० चिपा आणि वेग ६६ गिगाहॅशच्या आसपास. हे सगळं हाकायला आत बसवला होता टीपी-लिंकचा खिशात मावणारा डब्ल्यूआर७०३एन राउटर, त्यातलं मूळ सॉफ्टवेअर पुसून. स्वतःचा कंट्रोलर घडवत बसण्यापेक्षा दुकानात मिळणारी वस्तू उचलून तिच्याकडून काम करून घेणं, ही टंचाईच्या काळातली शहाणपणाची चाल होती. पुढे अनेकांनी तीच गिरवली. स्वीडनच्या केएनसीमायनरने बीगलबोन ब्लॅक घेतला, बिटफ्युरीच्या चिपा वापरणाऱ्यांनी रास्पबेरी पाय घेतला.

यंत्रांच्या मोजक्या बॅचा हातोहात संपल्या. एप्रिल २०१३ मध्ये अॅव्हलॉनने सुट्या चिपा विकायला काढल्या. दर चिपेला ०.०७८ बिटकॉइन, आणि किमान खरेदी दहा हजारांची. म्हणजे ७८० बिटकॉइन, त्या महिन्याअखेरच्या भावाने लाखभर डॉलर. एवढे पैसे हौशी माणसाकडे कुठून असणार? मग भिशीसारखा प्रकार निघाला. एखाद्या ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाने पुढाकार घ्यायचा, कुणाच्या शंभर, कुणाच्या पाचशे चिपा अशी वर्गणी जमवायची आणि दहा हजारांचा आकडा भरला की पैसे चीनला धाडायचे. समोरच्याचं खरं नाव ठाऊक नसताना जगभरच्या लोकांनी असे हजारो बिटकॉइन एकमेकांच्या हवाली केले. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या एप्रिलमधला हिशोब पाहिला तर त्यांना वेड्यात काढता येत नाही.

हिशोब असा. एक चिप साधारण २८२ मेगाहॅश वेगाने चालायची. नेटवर्कची काठिण्यपातळी, म्हणजे गणित किती अवघड ते सांगणारा आकडा, एप्रिलअखेर ९० लाखांच्या आसपास होती आणि एका ब्लॉकला २५ बिटकॉइन मिळत होते. त्या पातळीला एक चिप दिवसाकाठी सुमारे ०.०१६ बिटकॉइन कमावणार. ०.०७८ची चिप पाच दिवसांत फिटली! बोर्ड, पंखे, वीज धरली तरी महिन्याभरात सगळं वसूल. असा धंदा जगात दुसरा नव्हता.

अट एकच होती, चिपा त्या एप्रिलमध्ये हातात असायला हव्या होत्या. त्या मिळणार होत्या काही महिन्यांनी.

चिपा येईपर्यंत बोर्ड तयार हवा. इथे पुढे आला क्लोंडाइक नावाचा खुला आराखडा. त्यातला के१६ हा बोर्ड १६ चिपांचा, साडेचार गिगाहॅशचा. आराखडा, सुट्या भागांची यादी, फर्मवेअर, सगळं कुणालाही फुकट. चिपेची डेटाशीटही उघड होती. कागदावर काही म्हणता काही अडत नव्हतं.

प्रत्यक्षात बोर्ड करताना काय लागायचं ते जवळून पाहू. चिपेला ४८ पाय, पण बाहेर आलेला एकही नाही. सगळे कडेने पोटाखाली, आणि मधोमध धातूचा एक चौकोन. वीज तिथूनच खाली उतरते आणि उष्णताही. चिप वरून थंड करण्यात अर्थ नाही. बोर्डाला आरपार भोकं पाडून उष्णता मागच्या बाजूला न्यायची आणि तिथे हीटसिंक दाबून बसवायचा. साध्या सोल्डरिंग गनने हे काम होत नाही. स्टेन्सिल ठेवून सोल्डर पेस्ट ओढायची, चिपा चिमट्याने जागेवर ठेवायच्या आणि बोर्ड भट्टीत घालायचा. भट्टी नसलेल्यांनी टोस्टर ओव्हनवर भागवलं. मधल्या चौकोनाखाली पेस्ट जास्त झाली की चिप तरंगते आणि कडेचे पाय टेकत नाहीत. कमी झाली तर टेकतात, पण चिप तापून मरते.

वीजपुरवठा ही दुसरी डोकेदुखी. पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट येतात, चिपांना हवेत सव्वाच्या आसपास. म्हणजे एवढ्याशा बोर्डावर वीस-पंचवीस अँपिअर करंट खेळवायचा. त्यासाठी लागणारा रेग्युलेटर आणि त्याच्या शेजारचा जाडजूड इंडक्टर, नेमकं इथेच घोडं पेंड खायचं. रेझिस्टर-कपॅसिटर एका कंपनीचा नाही तर दुसऱ्या कंपनीचा चालतो, माप जुळलं की झालं. रेग्युलेटरचं तसं नाही. त्याच्या पायांची मांडणी त्याचीच असते. तो नसेल तर दुसऱ्यासाठी बोर्ड नव्याने आखावा लागतो, पुन्हा छापावा लागतो, पुन्हा तपासावा लागतो. मोठे वितरक असा पार्ट काही हजारांत बाळगतात. एका आराखड्यावर जगभरचे लोक एकाच महिन्यात तुटून पडले की तो साठा बघता बघता आटतो, आणि मग कारखान्याकडून यायचा तो कित्येक आठवड्यांनी.

यावरचे उपाय इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना नवे नव्हते. आराखडा पक्का होण्याआधीच अडेल पार्टांची अख्खी रीळ घेऊन ठेवायची. बोर्डावर दोन वेगवेगळ्या रेग्युलेटरांना पुरेल अशी जागा सोडायची, मिळेल तो बसवायचा. दलालाकडून घ्यायचं झालं तर एक-दोन नग आधी मागवून लोड देऊन पाहायचे, कारण टंचाईच्या बाजारात दुसऱ्याच चिपेवर नवा क्रमांक छापून विकणारे फार. मोठ्या पॉवर सप्लायसाठी लोक भंगारात निघालेल्या सर्व्हरांकडे वळले. त्यांतले एचपीचे १२ व्होल्टचे सप्लाय स्वस्त आणि दणकट, फक्त त्यांच्या विचित्र कनेक्टरला जोडायला एक छोटा बोर्ड करून घ्यावा लागे. माझ्या मते त्या वर्षातली सगळ्यात अक्कलहुशारीची गोष्ट हीच, कारण या वस्तूची टंचाई कुणाच्याच धंद्यामुळे झालेली नव्हती. तिच्यासाठी कुणी रांगेत उभं नव्हतं.

चिपा आल्या त्या रखडत. बहुतेक गटांच्या हाती पडायला ऑगस्ट, सप्टेंबर, तर कुणाला ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात काठिण्यपातळी काय करत होती? ती दर २०१६ ब्लॉकनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, आपोआप जुळवून घेते. जगात यंत्रं वाढली की गणित तेवढंच अवघड होतं. वर्षाच्या सुरुवातीला ती ३० लाख होती. ऑगस्टअखेर साडेसहा कोटींवर गेली, ऑक्टोबरअखेर ३९ कोटींवर, आणि वर्ष संपताना १ अब्ज १८ कोटींवर. पाच दिवसांत फिटणारी चिप ऑगस्टअखेर ३६ दिवसांवर आली. ऑक्टोबरअखेर तोच आकडा सात महिन्यांचा झाला, तोही पातळी तिथेच थांबली असती तर. एकदा चिपा आल्यावर रेग्युलेटरासाठी तीन आठवडे थांबलेल्या माणसाने त्या तीन आठवड्यांत किती गमावलं, हे या आकड्यांवरूनच कळेल. काहींनी कमी प्रतीचा पार्ट बसवून बोर्ड मंद वेगाने का होईना चालू केले. त्यांना तेव्हा धसमुसळे म्हणून हिणवलं गेलं. पण सप्टेंबरमधला अर्धा वेग डिसेंबरमधल्या पुऱ्या वेगापेक्षा कितीतरी जास्त कमावत होता.

वर आणखी एक फटका. पैसे बिटकॉइनमध्ये दिलेले, आणि नोव्हेंबरमध्ये भाव हजार डॉलरच्या वर गेला. चिपा न घेता ७८० बिटकॉइन नुसते ठेवले असते, तर ते त्या घटकेला आठ लाख डॉलरच्या घरात होते.

त्याच नोव्हेंबरमध्ये बिटमेन या नव्या कंपनीने अँटमायनर एस१ काढला. ५५ नॅनोमीटरची चिप, १८० गिगाहॅश, खोक्यातून काढा आणि जोडा. के१६चे बरोब्बर चाळीस बोर्ड त्या एका यंत्रात मावले. हाताने बोर्ड जुळवणाऱ्यांचा काळ तिथे संपला, असं मला वाटतं. कारण चिप करणाऱ्यांना एक गोष्ट कळून चुकली होती. तुटवडा असताना चिप दुसऱ्याला विकायची तर पूर्ण यंत्र करून विकावी, नाहीतर स्वतःच्याच शेडमध्ये चालवावी. त्यानंतर सुट्या चिपा हळूहळू बाजारातून दिसेनाशा झाल्या.

पुढची काही वर्षं टंचाई इतर चलनांच्या मायनिंगला लागणाऱ्या ग्राफिक कार्डांकडे सरकली. २०१३-१४च्या हिवाळ्यात लाइटकॉइनमुळे अमेरिकेत रेडिऑन आर९ २९०एक्स मूळ किमतीत मिळेना. २०१७ मध्ये इथेरियममुळे आरएक्स ४७० ते ५८० गायब झाली. या वेळी जीवघेणा ठरला तो फुटकळ रायझर. एका बोर्डावर १३ किंवा १९ कार्डं लावायची, तर प्रत्येकाला स्वतंत्र वीज द्यावी लागते. योग्य केबल कमी पडल्या की लोक हार्ड डिस्कसाठीचा साटा कनेक्टर लावायचे. तो १२ व्होल्टवर ५४ वॅटपुरता, आणि कार्ड स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. वितळलेल्या काळ्या प्लास्टिकचे फोटो त्या वर्षी ढिगाने फिरले.

२०२१ची टंचाई आपल्याकडेही जाणवली. लॅमिंग्टन रोडवर गेमिंगसाठी कार्ड घ्यायला गेलेल्या पोरांना दीड-दुप्पट किंमत ऐकून परत फिरावं लागलं, आणि दोष मायनिंगवाल्यांच्या माथी बसला. तो पूर्ण खरा नव्हता. कोविडमुळे वाढलेली मागणी आणि चिपखालच्या सबस्ट्रेटचा तुटवडा या गोष्टीही सोबतीला होत्या. एनव्हीडियाने फेब्रुवारीत आरटीएक्स ३०६० आणताना इथेरियमचा वेग निम्मा करणारं कुलूप घातलं, आणि पुढच्याच महिन्यात स्वतःच्याच एका ड्रायव्हरमधून चुकून ते उघडूनही दिलं.

बिटकॉइनच्या यंत्रांसाठी तर महिनोन्महिने आधी पैसे भरायची पाळी होती. अशात मे-जूनमध्ये चीन सरकारने मायनिंग बंद पाडलं. जगात चिपांचा दुष्काळ आणि इकडे सिचुआनमध्ये चालू स्थितीतली यंत्रं पेट्यांत भरून बाहेर निघाली. बिटमेनने तर जुन्या यंत्रांचे भाव आणखी पडू नयेत म्हणून तयार मालाची विक्रीच काही काळ थांबवली. ३ जुलैला काठिण्यपातळी एका झटक्यात जवळपास २८ टक्क्यांनी उतरली. आपलं यंत्र घरात चालू असलेल्याला त्या पंधरवड्यात काहीही न करता कमाई वाढलेली दिसली.

त्या काळातली एक खूण दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर अजून पाहायला मिळते. अँटमायनरच्या कंट्रोल बोर्डावर वर्षानुवर्षं झायलिंक्सची झिंक चिप असायची. टंचाईच्या वर्षांत एस१९ मालिकेत त्याच जागी कधी अॅमलॉजिकचा, कधी सीव्हीआयटेकचा, कधी बीगलबोनच्या जातीचा बोर्ड निघू लागला. बाहेरून यंत्र तेच, आत चार प्रकार. एकाचं फर्मवेअर दुसऱ्याला चालत नाही, म्हणून झाकण उघडून कोणता बोर्ड आहे ते पाहिल्याशिवाय शहाणा मेकॅनिक मेमरी कार्ड घालत नाही.

हौशी लोकही अलीकडे परतले आहेत. बिटअॅक्स हा खुला आराखडा ईएसपी३२ या स्वस्त, कुठेही मिळणाऱ्या कंट्रोलरवर चालतो आणि त्यावर बहुधा एकच मायनिंग चिप बसते. ती अँटमायनरचीच असते, एस१७ पासून एस२१ पर्यंतच्या यंत्रांतली. बिटमेन सुट्या चिपा विकत नाही, म्हणून बिघडलेल्या हॅशबोर्डांवरून गरम हवेने त्या उतरवायच्या, साफ करायच्या आणि पुन्हा बसवायच्या. २०१३ साली डेटाशीट होती, चिप नव्हती. आता चिप आहे, डेटाशीट नाही. चालू यंत्राच्या तारांवर कोणते आदेश जातात ते टिपून लोकांनी तिची भाषा हुडकून काढली. एका चिपेच्या कमाईतून फारसं काही हाती लागत नाही, हे ते बोर्ड जुळवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच आता रेग्युलेटर तीन आठवडे उशिरा आला तरी त्यांचं काही बिघडत नाही.