मिलोची भाकरी, घासलेटची रांग : १९७२ ते ७४ मध्ये पोरं कशी वाढली?

ठाणे : वर्तकनगरच्या जुन्या म्हाडा वसाहतीत असो की गावच्या पारावर, साठी ओलांडलेल्या माणसासमोर ‘मिलो’ म्हणा. रेशनवरची अमेरिकेची लाल ज्वारी बहुतेकांना लगेच आठवते. त्या तीन वर्षांत नेमकं काय घडलं होतं?

महागाई का भडकली?
१९७१ मध्ये बांगलादेशातून सुमारे १ कोटी निर्वासित आले, मग युद्ध झालं. १९७२ ला पावसाने दगा दिला. ऑक्टोबर १९७३ नंतर कच्च्या तेलाचं पिंप ३ डॉलरवरून काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेलं. डिझेल, खत, वाहतूक सगळंच महागलं. १९७४ मध्ये घाऊक महागाई २५ टक्क्यांच्या वर गेली. त्याच वर्षी ८ मेपासून रेल्वेचा मोठा संप झाला.

शहरात पगार, पण पुरेना
वर्तकनगरजवळच वागळे इस्टेट, एमआयडीसीची पहिली वसाहत. अशा कामगार वस्त्यांत पगार यायचा, पण महिनाअखेर गाठायचा नाही. शाळेतून आलं की पोरं रेशनकार्ड नाहीतर घासलेटचा डबा घेऊन रांगेत. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या.

गावात कामच नाही
मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रात दुष्काळाचा मार मोठा. तिथे भाव विचारायलाही हातात पैसा नव्हता. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. आईबाप खडी फोडायचे, पोरं तिथेच सुकडी खाऊन दिवस काढायची. यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याचं मूळ तिचंच.

आज काय लक्षात ठेवायचं?
नुसतं धान्य स्वस्त असून भागत नाही, ते घ्यायला हाताला कामही लागतं. त्या पिढीला रेशन आणि रोजगार हमी, दोन्हींनी तारलं.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क आहे. यात लहान मूलही पूर्ण एक माणूस धरलं जातं. पण कार्डावर नाव नसेल, तर त्याचा वाटा येत नाही. घरात बाळ आलं असेल, तर जन्मदाखला घेऊन आपल्या भागातल्या रेशन कार्यालयात त्याचं नाव चढवून घ्या.