अंधार वाढवला आणि लुकलुक पळाली

पारशिवनीत मे महिन्याची दुपार पंख्याशिवाय निघत नाही. त्या पंख्याच्या वर, छताजवळ दिवा लावलेला असेल, तर खाली वाचत बसलेला माणूस पाच मिनिटांत वैतागतो. सारखी लुकलुक! छताचा पंखा मिनिटाला साधारण 350 फेऱ्या मारतो आणि त्याला पाती असतात तीन. म्हणजे सेकंदाला सतरा-अठरा वेळा दिवा झाकला जातो आणि तितक्याच वेळा उघडतो. ही उघडझाप डोळ्यांना बरोबर कळते.

हा सतरा-अठराचा आकडा लक्षात ठेवा, कारण घरी सिनेमा दाखवायच्या जुन्या प्रोजेक्टरचं दुखणंही अगदी हेच होतं.

1932 साली 8 मिलिमीटर रुंदीची फिल्म बाजारात आली. लग्न, मुंज, बाळाची पहिली पावलं असं घरचं चित्रण लोक तिच्यावर करू लागले. आवाज नसलेल्या या फिल्मवरची चित्रं सेकंदाला 16 या वेगानं दाखवत. एकेक चित्र जेमतेम साडेचार मिलिमीटर रुंद. एखाद्या जुन्या प्रोजेक्टरचं झाकण काढा आणि वायर न जोडता त्याची बारकी मूठ हातानं हळूहळू फिरवा. एक छोटा आकडा पुढे येतो, फिल्मच्या कडेच्या भोकात अडकतो, फिल्मला झटकन एक चित्रभर खाली ओढतो आणि मागे सरतो. मग फिल्म थांबते. पुन्हा आकडा येतो. सिनेमाची फिल्म सरसर वाहत जाते असं आपल्याला वाटतं, पण ती थांबत थांबत, धक्के खात जाते!

आता ओढण्याच्या त्या क्षणी उजेड चालूच राहिला तर? पडद्यावर चित्राच्या जागी उभे फराटे उमटतील. म्हणून दिवा आणि भिंग यांच्या वाटेत पत्र्याची एक चकती फिरत असते. तिचं नाव शटर. आकडा फिल्म ओढत असताना शटरचं पातं बरोबर आडवं येतं. अंधार होतो, चित्र बदलतं, पातं सरकतं, नवं चित्र उजळतं.

एवढ्यानं भागायला हवं ना? नाही भागत. सेकंदाला 16 चित्रं म्हणजे 16 वेळा अंधार. झाली की पंख्याखालची लुकलुक!

यावर जो उपाय निघाला, तो मला या सगळ्या यंत्रातला सर्वांत हुशार भाग वाटतो. शटरला आणखी दोन पाती लावली. चित्र जागच्या जागी थांबलेलं असतानाही ही पाती उजेड अडवतात.

काहून? चित्र तर हललंच नाही! पण हिशेब करा. एकेक चित्र आता तीनदा उजळतं. 16 गुणिले 3, म्हणजे सेकंदाला 48 वेळा उघडझाप. इतक्या वेगाची उघडझाप पडद्यावर डोळ्यांना सहसा पकडता येत नाही, उजेड सलग वाटतो. लुकलुक घालवायला त्यांनी अंधार वाढवला!

त्याची किंमत मोठी होती. दिव्याचा जवळजवळ निम्मा उजेड पात्यांवरच अडतो. म्हणून एवढ्याशा प्रोजेक्टरातही 300, 500 वॅटचे तापट दिवे असत. फिल्म मध्येच अडकली तर काही क्षणांत चित्राला भोक पडायचं. दादासाहेब फाळक्यांनी 1911 मध्ये मुंबईत सिनेमा पाहिला आणि त्या वेडापायी स्वस्तातला कॅमेरा आणि फिल्मची रिळं आणून ते घरच्या भिंतीवर रात्री चित्रं दाखवू लागले, तेव्हा त्यांच्याकडे होता मेणबत्तीचा उजेड, भिंगावर एकवटलेला. त्यातला कणभर उजेडही वाया घालवणं परवडलं नसतं.

आणखी एक गोष्ट. शटरमुळे फक्त लुकलुक जाते. थांबलेली चित्रं आपल्याला हलताना दिसतात, ती करामत मेंदूची. थोड्या थोड्या फरकाची चित्रं पाठोपाठ आली की मेंदू त्यांची हालचाल जोडून घेतो. फाळक्यांनी हेच वापरलं. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर त्याचं चित्रण केलं. महिन्याची वाढ पडद्यावर मिनिटा-दीड मिनिटात दिसली. पुढे 3 मे 1913 ला त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला.

शटर आणि आकडा यांची वेळ चुकली तर काय होतं, तेही सांगतो. काळ्या पाटीवरच्या पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली धुरकट शेपट्या फुटतात. अशा वेळी फिल्मला दोष देऊ नये. शटर किंचित फिरवून जागेवर आणलं की अक्षरं पुन्हा स्वच्छ.

तुमच्या घरात, आजोबांच्या ट्रंकेत असं रीळ असेल तर नाक जवळ नेऊन बघा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म खराब व्हायला लागली आहे. उन्हाळ्यात टिनाखाली, माळ्यावर ती ठेवू नका, घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. आणि जुन्या प्रोजेक्टरवर लगेच चालवायला जाऊ नका. जुनी फिल्म आकसते, भोकं आकड्याशी जुळत नाहीत आणि ती फाटते. आधी जाणकार माणसाला दाखवा.