प्रार्थना आणि खातेवही

एखाद्याच्या घरी संकट आले म्हणजे त्याच्या दारी जाऊन, "आम्ही तुमच्यासाठी देवापाशी मागणे करीत आहोत," असे चार शब्द बोलावे आणि परत यावे, हा सभ्य समाजाचा एक रूढ शिष्टाचार होऊन बसला आहे. हे शब्द बोलणारा खोटे बोलतो असे आमचे म्हणणे नाही. बहुतेकांच्या मनात त्या वेळी खराच कळवळा असतो. परंतु उंबरठा ओलांडून रस्त्यावर आले की तो ओसरतो, आपल्या दुकानाची किल्ली हाती येते, आणि ज्याच्यासाठी मागणे करावयाचे त्याचे नावही रात्रीपर्यंत आठवत नाही. प्रार्थना, मनातील विचार आणि दुसऱ्यास दिलेला हात यांची अशी ताटातूट झाली म्हणजे तिन्ही दुबळी होतात, हे आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम आमचाच दोष सांगतो. आमच्या परिचयाचे एक ख्रिस्ती गृहस्थ कापडाचे दुकान चालवीत. त्यांच्या पत्नीचे दुखणे लांबले आणि अखेर ती बाई वारली. दुखण्याच्या तीन-चार महिन्यांत दुकान उघडे राहिले, पण रोजकीर्द लिहिली गेली नाही. कोणाचे देणे आणि कोणाकडून येणे, याचा मेळ राहिला नाही. भेटीस जाणाऱ्यांत आम्हीही होतो. आम्ही बसलो, उसासा टाकला, ईश्वर बळ देवो असे म्हणालो आणि चहा घेऊन उठलो. त्यांच्याच मंडळीतील एक वृद्ध, सेवानिवृत्त शिक्षक मात्र दररोज दिवेलागणीस येत. ते फार बोलत नसत. दोघे क्षणभर डोळे मिटून बसत. मग शिक्षक चष्मा पुसून चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढीत आणि एकेक रक्कम कीर्दीत चढवीत. सुमारे दीड महिन्याने खाती जुळली. ज्यांचे पैसे द्यावयाचे होते त्यांच्यापुढे खरा आकडा ठेवता आला आणि त्यांनी हप्ते मान्य केले. दुकान पूर्ववत भरभराटले असे नाही. ते पुढे निम्म्या जागेत आले. पण तो मनुष्य मोडला नाही.

त्या दिवसांत गृहस्थांच्या मेजावर नवा करार उघडा असे, आणि उघडे पान बहुधा पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचे असे. आम्ही ते पान तेव्हा वाचले नाही. पुढे वाचले, तेव्हा त्या वृद्ध शिक्षकाचे वागणे कोठून आले होते याचा उलगडा झाला.

फिलिप्पै हे मासेदोनियातील नगर. इसवी सनापूर्वी ४२ साली तेथे रोमी सत्तेच्या वारसांत मोठी लढाई झाली आणि त्यानंतर सैन्यातून निवृत्त झालेल्या शिपायांस तेथे वसविण्यात आले. या नगरात पौल प्रथम आला तेव्हाची हकीकत 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात आहे. नदीकाठी प्रार्थनेस जमलेल्या स्त्रियांत लुदिया नावाची बाई होती. ती थुवतीरा गावची, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. तिने उपदेश ऐकला आणि लागलीच पौलास व त्याच्या सोबत्यांस आपल्या घरी उतरून घेतले. युरोपातील या पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांपैकी एकीचा पाया असा एका व्यापारी स्त्रीच्या घरात घातला गेला, ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांनी अवश्य ध्यानी घ्यावी. पुढे त्याच नगरात पौल व सीला यांस फटके मारून तुरुंगात टाकले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करीत व स्तोत्रे गात होते. त्याच रात्री तुरुंगाच्या अधिकाऱ्याचे मन पालटले, तेव्हा त्याने केलेले पहिले काम म्हणजे त्यांच्या जखमा धुणे. आणि मग त्याने त्यांस घरी नेऊन जेवू घातले.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास पौल पुन्हा बंदिवासात पडला. ही वार्ता ऐकून फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या आपल्या एका मनुष्याच्या हाती त्याच्याकडे मदत धाडली. त्या मदतीची पोच म्हणून हे पत्र लिहिले गेले. त्याच्या चौथ्या अध्यायात अवघी तेवीस वचने आहेत. परंतु प्रार्थना, विचार आणि साहाय्य ही तिन्ही त्या तेवीस वचनांत एकामागून एक, जणू एकाच सुतात ओवलेली आढळतात.

अध्यायाच्या आरंभीच भांडण आहे. युवदिया आणि सुंतुखे या दोन कर्त्या स्त्रियांत वितुष्ट आले होते. पौल त्यांस एकमनाने राहण्याची विनंती करतो. पण तेवढ्यावर न थांबता आपल्या एका सहकाऱ्यास सांगतो की, या दोघींना तू साहाय्य कर. दुसऱ्यांचे भांडण पाहून मान हलविणारे पुष्कळ असतात. मध्ये बसून समेट घडविणारा विरळा.

यानंतर चिंतेचा विषय येतो. चिंतेने पोखरून न घेता आपले मागणे आभारासह देवाला कळवा, असा त्याचा आशय आहे. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. मागितलेली प्रत्येक वस्तू हातात पडेल असे वचन पौल येथे देत नाही. देवाची शांती तुमची अंतःकरणे राखील, एवढेच तो म्हणतो. आणि 'राखील' या अर्थी त्याने योजलेला मूळ ग्रीक शब्द फौजी पहाऱ्याचा आहे. लिहिणारा स्वतः पहाऱ्यात होता आणि वाचणारे शिपायांनी वसविलेल्या गावचे होते. दोघांसही त्या शब्दाचे वजन ठाऊक असणार. प्रार्थना म्हणजे देवाकडे पाठविलेली मालाची मागणी, अशी समजूत ज्यांची आहे ते माल न आल्यास पेढीच बदलतात. प्रार्थना म्हणजे घाबरलेल्या मनावर बसविलेली चौकी, असे जो समजतो त्याला संकटातही दुसरा मनुष्य दिसू शकतो. भ्यालेल्याला फक्त स्वतःच दिसतो.

चौकी बसली म्हणजे आत कोणास येऊ द्यावयाचे हा प्रश्न आलाच. म्हणून पुढचेच वचन विचारांविषयी आहे. जे खरे, न्याय्य, निर्मळ, प्रशंसेस पात्र, त्याचाच विचार करा, असे पौल सुचवितो. आणि 'विचार करा' या ठिकाणी ग्रीक भाषेत हिशेब मांडण्याचा शब्द आहे. आमच्या मते यात मोठे शहाणपण आहे. रात्री अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या मनात जे येते ते बहुधा हिशेब नसून अफवा असते. अमका आपल्याला बुडविणार, तमक्याने मुद्दाम नमस्कार केला नाही, आता अब्रू गेली, असे विचार वाऱ्यावर येतात आणि मन त्यांची शहानिशा न करता ते जमेस धरते. नमुना पाहिल्यावाचून कोणी व्यापारी गाठोडे उतरवून घेत नाही. मग मनाच्या वखारीत वाटेल तो माल का शिरू द्यावा? हे खरे आहे काय? असे म्हणणे त्या माणसाला न्याय देणारे आहे काय? एवढे दोन प्रश्न विचारले तरी निम्मा माल दारातूनच परत जातो. त्या कापड दुकानदारास खरा धीर कशाने आला? जुळलेल्या खात्यांतून निघालेल्या खऱ्या आकड्याने. तो आकडा वाईट होता, पण रात्रीच्या कल्पनेइतका वाईट नव्हता.

आणि मग, याच अध्यायाच्या उत्तरार्धात, पौल पावती लिहावयास बसतो. देण्याघेण्याच्या बाबतीत दुसऱ्या कोणत्याही मंडळीने नव्हे, तर तुम्हीच माझ्याशी खाते ठेवले. मी थेस्सलनीकात असतानाही तुम्ही एकाहून अधिक वेळा माझी गरज भागविली. मला देणगीची हाव नाही, तर तुमच्या खाती जमा होणारे फळ हवे आहे, असा त्याचा भाव आहे. शेवटी सर्व पोचल्याचे सांगताना त्याने जो ग्रीक शब्द वापरला आहे, तोच इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या त्या काळच्या पपायरसावरील व्यापारी पावत्यांत आढळतो. आमच्या जुन्या दस्तऐवजांत "भरून पावलो" असे लिहीत, तसाच तो शब्द आहे. प्रार्थनेने उघडलेला अध्याय असा खातेवहीच्या भाषेत मिटतो, आणि त्यात पौलास काही विजोड वाटत नाही.

येथे घेणाऱ्यासही एक धडा आहे. पौल तंबू शिवण्याचा धंदा करी आणि आपल्या हातांच्या कमाईवर राहण्याचा त्याला अभिमान असे. तरीही फिलिप्पैकरांची मदत त्याने मोकळ्या मनाने घेतली आणि तसे लिहून कळविले. आमच्याकडील अब्रूदार मनुष्य संकटात दार लावून घेतो, हिशेब दडवितो आणि मदतीस आलेल्यास "सगळे ठीक आहे" म्हणून परतवितो. हा स्वाभिमान नव्हे. आणि मदत नेणाराही मनुष्यच असतो, हे विसरू नये. एपफ्रदीत या कामगिरीत मरणाच्या दारी जाऊन आला. आपल्या दुखण्याची बातमी घरच्यांस कळली याचेच त्याला अधिक दुःख झाले. पौलाने त्याला परत धाडले आणि अशा माणसाचा मान राखा, असे मंडळीस कळविले. जो नित्य दुसऱ्यांस सावरतो, त्याची विचारपूस कोण करतो?

हे सारे परदेशचे व जुन्या काळचे झाले, असे कोणी म्हणेल. हेच पत्र, समग्र पवित्र शास्त्राबरोबर, मूळ भाषांवरून साध्या मराठीत आणण्याचे काम पुण्याजवळ केडगाव येथे एका मराठी विदुषीने केले. पंडिता रमाबाईंचे हे भाषांतर त्या १९२२ साली निवर्तल्यानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते छापण्याचे काम त्यांच्या मुक्ति सदनाच्याच छापखान्यात झाले. रमाबाईंचे आईबाप १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात अन्नावाचून गेले होते. १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांना अन्नाबरोबर अक्षर आणि हातास धंदा दिला. उपाशी मुलींसाठी प्रार्थना करणे पुण्यात बसूनही शक्य होते; त्या आगगाडीत बसल्या.

त्यांच्यावरचा आक्षेप आम्ही दडवीत नाही. १८९३ साली शारदा सदनातील मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून पुण्यात मोठे वादळ उठले, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांसारख्या साहाय्यकर्त्यांनीही सल्लागार मंडळ सोडले. साहाय्य हे आमिष होता कामा नये, हे तत्त्व आम्हांस पूर्ण मान्य आहे, आणि ते सर्व धर्मांच्या दानशूरांस सारखेच लागू आहे. भुकेल्याने कोणता देव मानावा हे विचारून जो भाकरी मोडतो, तो दान करीत नाही, सौदा करतो. परंतु या तत्त्वाची ढाल पुढे करून ज्यांनी दुष्काळात एकही मूल घरी आणले नाही, त्यांस रमाबाईंचा न्याय करण्याचा अधिकार कितपत पोचतो, हा प्रश्न उरतोच.

दुसऱ्या बाजूने काही सुधारक मंडळी म्हणतील की, काम करावे, प्रार्थनेचे प्रयोजन काय? त्यांस आमचे उत्तर त्या वृद्ध शिक्षकाचे आहे. ते दीड महिना, एकही दिवस न चुकता आले. उत्साहाने कोणीही आठ दिवस येतो; नवव्या दिवशी पाऊस पडतो, पाहुणे येतात, कंटाळा येतो. खातेवही उघडण्यापूर्वी ते जो क्षणभर डोळे मिटीत, त्यात त्यांचा स्वतःचा कंटाळा धुऊन निघत असावा, असे आम्हांस वाटते. ज्याला प्रार्थनेचा शब्द परका वाटतो, त्याने दिवसातून एकदा स्तब्ध बसून एका मनुष्याचे नाव मनात धरावे आणि त्याला नेमके काय कमी आहे ते शोधावे. नाव धरले की गरज दिसते. गरज दिसली की घरी बसवत नाही.

आमच्या वाचकांपैकी प्रत्येकाच्या आळीत आज एखादे घर असे असेल, जेथे आपण चार शब्द बोलून परत आलो. त्या घरी पुन्हा जावे, आणि या खेपेस रिकाम्या हाती जाऊ नये. कोणी औषधे आणून देईल, कोणी मुलाची शिकवणी घेईल, कोणी न्यायालयाचा कागद वाचून दाखवील, कोणी नुसता तासभर दुकान सांभाळील. आम्हीही त्या कापड दुकानदाराकडे पुन्हा गेलो. उशिरा गेलो, हे खरे. त्यांनी आमच्यापुढे रोजकीर्द सरकवली आणि म्हणाले, "मास्तर आता थकले आहेत. तुमचे अक्षर बरे आहे ना?"