हमालाचा प्रश्न आणि समाजवाद

समाजवाद शांततेच्या मार्गाने, टप्प्याटप्प्याने येऊ शकतो काय? या प्रश्नावर बर्नस्टाइनचा ग्रंथ १८९९ साली जर्मनीत प्रसिद्ध झाला आणि समाजवाद्यांत वादळ उठले. आपण तो प्रश्न हमालाच्या बाजूने पाहू.

बाजारातील हमालाची स्थिती काय होती? आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्याचे. धनी रोज नवा, म्हणून जबाबदार धनी कोणीच नाही. रजा मागावी कोणाकडे? पाठ मोडली तर औषधाचे पैसे द्यावेत कोणी? पुण्यात बाबा आढावांनी १९५५ साली हमाल पंचायत स्थापन केली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणले. त्यांच्या लढ्यांतून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा झाला.

त्याची योजना साधी आहे. हमाल व मालक या दोघांचीही नोंदणी मंडळाकडे होते. मालक मजुरी मंडळात भरतो, वर ठराविक टक्के लेव्ही देतो. त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, औषधपाणी यांची सोय होते. रोज बदलणाऱ्या धन्यांच्या जागी एक कायमचे मंडळ उभे राहिले! शिवाय त्या मंडळावर सरकारी सभासदांबरोबर मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. मला पैशाहून याचे मोल अधिक वाटते. कोणाची मालमत्ता गेली नाही. पण मालकाची एकट्याची सत्ता गेली.

कोणी म्हणेल, ही ठिगळे झाली, भांडवलशाही तशीच राहिली. आक्षेप अगदीच खोटा नाही. ज्या धंद्याला व भागाला योजना लागू नाही, तेथला हमाल कोरडाच राहतो. परंतु म्हणून मिळालेली पायरी मोडावयाची, की पुढची बांधावयाची?

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दोन इशारे दिले. रक्तरंजित मार्ग सोडा, हा एक. आर्थिक-सामाजिक विषमता लवकर न मिटवाल तर लोकशाहीच उद्ध्वस्त होईल, हा दुसरा. बरेच जण पहिला ऐकतात आणि स्वस्थ बसतात. शांततेचा मार्ग म्हणजे स्वस्थतेचा मार्ग नव्हे.

सुधारणेची कसोटी एकच: तिने श्रमिकाच्या हाती केवळ चार पैसे दिले, की निर्णयाचा वाटाही दिला? वाटा दिला असेल तर ती समाजवादाची पायरी; नाहीतर ते दान.

गुरुकुंज १९३५ साली वसले, तेव्हापासून येथे श्रमाची थोरवी सांगितली जात आहे. त्या थोरवीला कायद्याचा हक्क जोडणे हे काम आपले आहे. आपल्या बाजारपेठेतील हमालाची नोंदणी झाली आहे काय, एवढे उद्याच विचारा.