नेरळ-माथेरानची छोटी गाडी : जाण्यापूर्वी काय माहीत असावे

गेल्या डिसेंबरात आम्ही घरचे सहा जण नेरळ-माथेरानची छोटी गाडी बघून आलो. भालकीला परतल्यावर मंडळातल्या चार-पाच घरांतून एकच प्रश्न आला, "वाफेचं इंजिन आहे का हो अजून?" प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढावे असे वाटले, म्हणून हा लेख. आम्ही हे दुसऱ्या खेपेला शिकलो. पहिल्या खेपेला पैसे गेले, रजा गेली आणि गाडी दिसलीच नाही.

त्याचे असे झाले. दोन वर्षांपूर्वी एका सहल एजंटाच्या पत्रकावर धूर सोडणाऱ्या काळ्या इंजिनाचा फोटो होता आणि खाली 'जंगलातली वाफेची गाडी' असे छापले होते. माझे वडील, आप्पा, ऐंशीच्या घरात. त्यांनी तो फोटो बघितला आणि म्हणाले, "हे तर आपल्या लातूरच्या गाडीसारखं दिसतंय की रे. एकदा बसवून आण." आम्ही सप्टेंबरात निघालो. नेरळला उतरलो तर छोट्या गाडीचा फलाट रिकामा. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते, हे आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते. टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो, तिथून माथेरानपर्यंत चालणाऱ्या शटल गाडीत वीसेक मिनिटे बसलो आणि परत आलो. आप्पा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, "इंजिन कुठं होतं त्यात?"

म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगतो. नेरळ-माथेरान मार्गावर रोजची गाडी आज डिझेलवर चालते. १९५०च्या दशकात तिथे डिझेल इंजिने येऊ लागली आणि १९८०च्या दशकात वाफेची इंजिने रोजच्या कामातून गेली. जुन्या चार इंजिनांपैकी एक नेरळला मांडून ठेवले आहे, एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक इंग्लंडला गेले. रोजच्या वेळापत्रकात वाफ हवीच असेल तर आपल्या लोकांना निलगिरीकडे जावे लागेल. मेट्टुपाळयम ते कुन्नूर हा चढ अजून वाफेची इंजिने चढतात. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे, इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकते आणि इंजिन डब्यांना खालून ढकलत नेते. तिथला सर्वांत उभा चढ बारास एक आहे. कुन्नूरच्या पुढे उटीपर्यंत मात्र तीही गाडी डिझेलवर जाते.

मग माथेरानला का जावे? आमच्या घरापुरते कारण सांगतो. आपल्या भागातल्या साठी-सत्तरीच्या पुढच्या पुष्कळ लोकांनी बार्शी लाईटची छोटी गाडी पाहिली आहे, आणि माथेरानची गाडी तिची सख्खी नसली तरी चुलत बहीण आहे.

बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडी (तेव्हाचे बार्शी रोड) ते बार्शी एवढ्याच अंतरावर सुरू झाली. पुढे ती एका बाजूने पंढरपूरला आणि दुसऱ्या बाजूने १९११ साली लातूरपर्यंत पोचली. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात. बीदर आणि उस्मानाबाद हे दोन्ही जिल्हे गुलबर्गा सुभ्यातले, आणि उदगीर तर १९५६ पर्यंत आपल्याच बीदर जिल्ह्यात होते. त्यामुळे भालकी, उदगीर, औरादकडच्या माणसाला बार्शी-पंढरपूरला जायचे तर लातूरहून छोटी गाडी हा नेहमीचा रस्ता होता. आप्पांचे मामा बार्शीच्या गिरणीत होते. शाळेच्या सुट्टीत आप्पा मोटारीने लातूरला जात आणि तिथून या गाडीने मामाकडे. आषाढी जवळ आली की डब्यात पाय ठेवायला जागा नसे, असे ते सांगतात.

ही बार्शी लाईट काढणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. प्रत्येक आसावरचा भार पाच टनांच्या आत ठेवला तर हलके, स्वस्त रूळ टाकूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याने बार्शी लाईटवर करून दाखवले. माथेरानच्या रेल्वेलाही सल्लागार अभियंता तोच होता. पैसा मात्र मुंबईच्या पीरभॉय घराण्याचा. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम सुरू करवले, सोळा लाख रुपये खर्च केले आणि १९०७ साली गाडी वर पोचवली. आणखी एक धागा आहे. माथेरानच्या डब्यांची मोठी दुरुस्ती कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात होत आली आहे. हे ऐकून आप्पांना जो आनंद झाला, तो मला आधी कळला नाही. "म्हणजे कुर्डुवाडीला अजून छोट्या गाडीचं काम चालतं तर," असे ते दोनदा म्हणाले.

आता गाडीविषयी थोडे तपशिलाने, कारण तिथे गेल्यावर मुले विचारतात. आपल्या बीदर किंवा कलबुर्गी स्थानकावर दोन रुळांमधले अंतर साडेपाच फूट असते. बार्शी लाईटचे अडीच फूट होते. माथेरानचे दोनच फूट आहे. रूळ जितके जवळ, तितके वळण आखूड घेता येते, आणि या डोंगरात वळणांशिवाय काही नाही. सुमारे वीस-एकवीस किलोमीटरच्या वाटेवर दोनशेच्या वर वळणे आणि शंभरावर छोटे पूल आहेत. चढ काही ठिकाणी विसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेले की एक फूट वर. निलगिरीसारखी दातेरी पट्टी इथे नाही. नुसत्या चाकांच्या पकडीवर गाडी चढते, म्हणून डोंगराला वळसे घालत, त्याच दरीच्या या काठावरून त्या काठावर असे करत ती वर जाते.

एवढ्या आखूड वळणावर साधे वाफेचे इंजिन अडकले असते. तीन आसांवरची सहा चाके एकाच ताठ चौकटीत असली तर ती वाकणार कशी? जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोप्पेल कंपनीने माथेरानसाठी केलेल्या इंजिनांत यावर युक्ती होती. पहिला आणि शेवटचा आस पोकळ नळीच्या आत बसवलेला. आतला आस चौकटीला धरून फिरतो, बाहेरची नळी चाकांसकट थोडी डावी-उजवीकडे वळते, आणि दोन्ही मधोमध एका गोल सांध्याने जोडलेले. त्यामुळे चाके रुळाच्या वळणाप्रमाणे वळतात आणि शक्ती तरी सगळ्या चाकांना मिळते. नेरळला उभ्या असलेल्या इंजिनाची चाके नीट बघा.

दुसऱ्या खेपेला आम्ही त्या इंजिनापाशीच जास्त वेळ होतो. माझा मुलगा सहावीत आहे. त्याचा प्रश्न होता, वाफेचे इंजिन छुक-छुक का करते. मी सांगायला तोंड उघडणार तोच आप्पांनी काठी वर करून सुरुवात केली. भट्टीत कोळसा, भट्टीच्या गरम नळ्यांभोवती पाणी, पाण्याची वाफ दाबाने नळकांड्यात जाते आणि दट्ट्या पुढे-मागे ढकलते. काम झालेली वाफ धुराड्यातून वर जोरात सुटते, ती सुटतानाचा तो आवाज. "आणि ती वर जाताना भट्टीतली हवा ओढून नेते," आप्पा म्हणाले, "म्हणून इंजिन जितकं जोरात ओढतं तितकी भट्टी पेटते. वेगळा भाता लागत नाही." दोन नळकांडी, प्रत्येकात दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला चार आवाज. हे सगळे त्यांना लातूर स्थानकावर एका फायरमनने सांगितले होते, तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे असतील. इतक्या वर्षांत आम्हाला त्यांनी हे कधीच सांगितले नव्हते. आम्ही विचारलेही नव्हते म्हणा.

वर जाताना डाव्या-उजव्या बाजूचा वाद घालू नये, दोन्हीकडे दरी येते. जुम्मापट्टी हे पहिले स्थानक, मग वॉटर पाइप. वाफेच्या दिवसांत चढून दमलेले इंजिन तिथे पाणी भरून घेई, त्यावरून नाव पडले. वाटेत एकच बोगदा आहे आणि तोही एवढासा. इंग्रजांनी त्याला 'वन किस टनेल' म्हटले. नावाचा अर्थ आमच्या घरात कुणी मोठ्याने सांगितला नाही. पूर्वी डब्यांवर ब्रेकवाले असत. उतारावर चालकाने शिटी दिली की ते आपापल्या डब्याचा हातब्रेक फिरवीत. अलीकडे हवेचे ब्रेक आले आहेत. वेग अगदी कमी, पूर्ण वाटेला अडीच तासांहून अधिक लागतात. ज्यांना घाई आहे त्यांनी टॅक्सीने जावे, पण मग गाडीविषयी तक्रार करू नये.

अमन लॉजच्या पुढे मोटारींना बंदी आहे. माथेरान २००३ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे, आणि झाडी दाट आहे ती त्यामुळेही. जांभूळ, हिरडा, अंजनी अशी झाडे, खाली तांबडी माती. ती माती पाहून आपल्याकडच्या माणसाला ओळखीचे वाटेल. बीदरचा किल्ला ज्या जांभ्या दगडावर उभा आहे, तसाच जांभा माथेरानच्या माथ्यावर आहे. आप्पांनी चप्पल काढून तळवा बघितला आणि हसले. फरक एवढाच की आपला माथा उघडा आहे आणि त्यांचा झाडांनी झाकलेला.

वयस्कर माणसे बरोबर असतील त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. नेरळहून वर जाणारी गाडी साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते, अमन लॉज-माथेरान शटल मात्र चालू राहते. दरडी आणि रूळ वाहून जाणे तिथे नवे नाही. २००५च्या २६ जुलैच्या पावसात मार्ग असाच उखडला होता, आणि २०१९च्या पावसानंतर नेरळ-अमन लॉज गाडी तब्बल तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, परत सुरू झाली. म्हणून निघण्याआधी मध्य रेल्वेकडे चौकशी केल्याशिवाय तिकिटे काढू नयेत. नेरळहून सकाळी मोजक्याच गाड्या सुटतात, डबे लहान, खिडकीवर रांग मोठी. आम्ही आदल्या रात्री नेरळलाच मुक्काम केला आणि ते बरे झाले.

वर चालणे फार आहे. माणसांनी ओढायच्या हातरिक्षा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सहा महिन्यांच्या आत बंद करायला सांगितल्या आणि त्यांच्या जागी ई-रिक्षा आणायला सांगितले. माणसाने माणसाला ओढणे थांबले पाहिजे यात शंका नाही, पण ई-रिक्षा मोजक्या असल्या की आजारी-म्हाताऱ्यांना थांबावे लागते. आप्पांना तासभर बसावे लागले. सामान कमी न्यावे, भाकरी-शेंगाचटणीचे गाठोडे माकडांच्या नजरेआड ठेवावे. आमचे अर्धे त्यांनीच खाल्ले.

जायचे कसे? कलबुर्गीहून सोलापूर-पुणेमार्गे मुंबईच्या पुष्कळ गाड्या आहेत. कल्याणला उतरून कर्जतकडची लोकल धरावी, कर्जतच्या दोन स्थानके अलीकडे नेरळ. बीदर-भालकीकडच्यांना आठवड्यातले काही दिवस मुंबईची थेट गाडी मिळते, आणि मी तीच घ्या म्हणेन. ती लातूर, धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी अशी जाते. छोटी लाईन काढून २००८ पर्यंत तिथे रुंद रूळ टाकले गेले, धाराशिव शहर घेण्यासाठी मार्ग काही ठिकाणी बदलला, पण बाकी ती बार्शी लाईटचीच वाट आहे.

परतीच्या प्रवासात आप्पांनी सांगून ठेवले होते, बार्शी आली की उठव. मी उठवायला गेलो तर ते खिडकीशी बसलेच होते. बाहेर अंधार होता, फलाटाचे दिवे तेवढे दिसत होते. जुने स्थानक कोणत्या बाजूला, मामांची गिरणी कुठे, हे त्यांना काही केल्या लागेना. मुलाने मात्र फोनवर त्यांचे सगळे बोलणे रेकॉर्ड करून घेतले आहे.

मंडळातल्या कुणाच्या घरी बार्शी लाईटची जुनी तिकिटे, फोटो किंवा त्या गाडीने प्रवास केलेले आजी-आजोबा असतील तर जरूर कळवावे. रेकॉर्ड करायला आमचा मुलगा तयार आहे.