कॅमेरा तोच, फ्लॅश मात्र हातभर लांब! कमी खर्चात ‘ऑफ-कॅमेरा फ्लॅश’ची सुरुवात कशी कराल?

आखाजीच्या आगेमागे खानदेशात लग्नांची एकच गर्दी उडते. पारा ४४-४५ अंशांवर आणि मुहूर्त नेमका दुपारचा. जळगाव असो की धुळे, मंडपाबाहेर काढलेल्या फोटोत नवरदेवाच्या फेट्याखाली डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. त्यावर उपाय म्हणून कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवला की चेहरा पांढराफटक पडतो, कपाळ चमकते आणि मागच्या पडद्यावर डोक्याची काळी सावली चिकटते. अल्बम हातात आल्यावर घरचे म्हणतात, ‘यापेक्षा मोबाइलमधले बरे आले.’

तालुक्याच्या गावात नव्याने धंद्यात उतरलेल्या फोटोग्राफरला हे वाक्य महागात पडते. मग हप्त्यावर नवा कॅमेरा घेण्याचा विचार सुरू होतो. पण वरच्या दोन्ही फोटोंमधला दोष कॅमेऱ्याचा नसतो, तो प्रकाश कोणत्या बाजूने आला याचा असतो. हा दोष दूर करायला नव्या कॅमेऱ्याच्या किमतीचा छोटासा हिस्साही पुरतो.

थोडक्यात महत्त्वाचे

- फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा करून बाजूने मारणे म्हणजे ऑफ-कॅमेरा फ्लॅश.
- सुरुवातीला लागतो एक मॅन्युअल फ्लॅश, एक स्टँड, एक पांढरी छत्री आणि फ्लॅश उडवण्याची सोय.
- काही कॅमेऱ्यांवर साधा ट्रिगर चालत नाही. खरेदीआधी हॉट शू तपासा.
- खूप जुना फ्लॅश थेट डिजिटल कॅमेऱ्यावर लावू नका.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचाच कशाला?

माणसाचा चेहरा गोल आहे, नाक पुढे आहे, गाल आत वळतो, हे फोटोत कळते ते सावलीमुळे. प्रकाश लेन्सच्या अगदी वरून निघाला तर सावल्या चेहऱ्याच्या मागे लपतात आणि चेहरा सपाट दिसतो. तोच फ्लॅश साधारण ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांपेक्षा थोडा वर नेला, तर एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर हलकी सावली पडते. चेहऱ्याला उठाव येतो तो यामुळे.

दुसरा मुद्दा प्रकाशाच्या आकाराचा. उघडा फ्लॅश म्हणजे काडेपेटीएवढी खिडकी. त्याची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. फ्लॅशपुढे पांढरी छत्री उघडली की तोच उजेड मीटरभर रुंदीच्या कापडातून येतो आणि सावलीची कड मऊ होते. मात्र छत्री जवळ हवी. ती चार मीटर लांब नेली तर चेहऱ्याच्या दृष्टीने पुन्हा लहानच ठरते.

चाळीसगावने हे केव्हाच दाखवून दिले

प्रकाशावर हुकूमत असेल तर मोठा स्टुडिओ लागत नाही, याचे उदाहरण जळगाव जिल्ह्यातच आहे. कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) यांचा जन्म मुंबईचा, पण त्यांचे आयुष्य गेले चाळीसगावात. इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन परतल्यावर अनेक दशके ते क्वचितच घराबाहेर पडले. तरीही त्यांच्या छायाचित्रांना देशाबाहेर नाव मिळाले, ते मुख्यतः ‘टेबल-टॉप’ प्रकारामुळे. या प्रकारात छोट्या वस्तू टेबलावर मांडायच्या आणि प्रकाश असा पाडायचा, की पाहणाऱ्याला ते खरेखुरे दृश्य वाटावे. त्यांचे घर आज कलादालन आहे. आजचे रेडिओ ट्रिगर त्यांच्याकडे नव्हते. ‘उजेड कुठून यायला हवा’ हा प्रश्न मात्र त्यांच्यापुढे आणि आजच्या फोटोग्राफरपुढे सारखाच.

छोट्या फ्लॅशची ही पद्धत जगभर पोहोचवण्यात अमेरिकेतील बाल्टिमोरचे वृत्तछायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांचा मोठा वाटा आहे. २००६ पासून ‘स्ट्रोबिस्ट’ या नावाने त्यांनी त्याचे धडे विनामूल्य खुले केले. त्यांचा भर होता महागड्या स्टुडिओ लाइटऐवजी सेलवर चालणारा साधा फ्लॅश वापरण्यावर.

पहिल्या खरेदीत काय काय घ्यावे?

*फ्लॅश:* गोडॉक्स टीटी६०० किंवा योंगनुओ ५६० मालिकेसारखा मॅन्युअल फ्लॅश सुरुवातीला पुरतो. यात पॉवर हाताने ठरवायची असते. पूर्ण पॉवर, मग अर्धी, पाव, असे करत १/१२८ पर्यंत. कंपनीच्या स्वयंचलित फ्लॅशच्या तुलनेत तो बराच स्वस्त पडतो. शिवाय स्टँडवर ठेवलेला फ्लॅश आणि माणूस यांतले अंतर फारसे बदलत नाही. त्यामुळे पॉवर एकदा ठरली की काम होते.

*ट्रिगर:* कॅमेऱ्यावर बसणारा छोटा रेडिओ ट्रिगर स्टँडवरच्या फ्लॅशला इशारा देतो. वरच्या फ्लॅशपैकी टीटी६०० आणि योंगनुओ ५६०-४ यांच्यात रिसीव्हर आतच असतो, पण तो त्याच कंपनीच्या जुळणाऱ्या ट्रिगरचेच ऐकतो. पैसे कमी असतील तर आधी ट्रिगर न घेताही सुरुवात करता येते. कॅमेऱ्याचा उघडणारा छोटा फ्लॅश अगदी कमी पॉवरवर मॅन्युअल ठेवा आणि मोठा फ्लॅश ‘एस१’ या स्लेव्ह मोडवर टाका. छोट्याचा उजेड दिसताच मोठा उडतो. खोलीत ही युक्ती छान चालते, भर उन्हात मात्र दगा देते.

*स्टँड, ब्रॅकेट, छत्री:* स्टँड फार हलका घेऊ नका. छत्री पांढरी, आरपार उजेड जाणारी घ्या.

*सेल:* घड्याळातले साधे सेल इथे कामाचे नाहीत. चार्ज होणारे एनआयएमएच सेल घ्या. एका फ्लॅशला चार लागतात, म्हणून आठ जवळ असावेत.

हा सगळा संच ढोबळमानाने १२ ते १५ हजारांत बसतो. ट्रिगर पुढे ढकलला किंवा वापरलेला फ्लॅश घेतला तर खर्च आणखी खाली येतो. भाव सतत बदलतात, त्यामुळे दुकानात आणि ऑनलाइन दोन्हीकडे विचारा.

आपल्या कॅमेऱ्यावर चालेल का?

हे न तपासल्यामुळे अनेकांचे पैसे अडकतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या हॉट शूमध्ये, म्हणजे फ्लॅश सरकवण्याच्या खाचेत, मधोमध धातूचा एक मोठा ठिपका असतो. साधा ट्रिगर त्यावरच चालतो. कॅननच्या ३०००डी आणि २००डी मार्क २ यांसारख्या काही कॅमेऱ्यांत कंपनीने हा ठिपकाच ठेवलेला नाही. त्यावर साधा ट्रिगर बसतो, पण फ्लॅश उडत नाही. अशा कॅमेऱ्यासाठी स्लेव्ह मोडची युक्ती वापरावी किंवा कॅननसाठीच बनवलेला ट्रिगर घ्यावा. तोही आपला कॅमेरा सोबत नेऊन, दुकानात लावून, चार फोटो काढूनच.

जुना फ्लॅश स्वस्तात मिळतोय, घ्यावा का?

स्टुडिओ बंद करणाऱ्यांकडून रोल कॅमेऱ्याच्या काळातले फ्लॅश अगदी किरकोळ किमतीत मिळतात. त्यातल्या काहींच्या पायाशी २०० व्होल्टहून जास्त दाब असतो. जुन्या विविटार २८३ चे काही नग यासाठी कुप्रसिद्ध आहेत. डिजिटल कॅमेऱ्यातले नाजूक सर्किट एवढा दाब सहन करेलच असे नाही. ट्रिगरचेही तेच. म्हणून दाब मोजल्याशिवाय असा फ्लॅश कशालाच जोडू नका.

अलीकडचा वापरलेला फ्लॅश घेताना तीन गोष्टी पाहा. सेलच्या कप्प्यात हिरवट गंज नाही ना, पुढची नळी काळवंडलेली नाही ना, आणि पूर्ण पॉवरवर आठ-दहा वेळा सलग उडतो ना. बिघडला तर घरी उघडू नका. आतला कॅपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि सेल काढल्यावरही जोराचा झटका देऊ शकतो.

सेटिंग कुठून सुरू करावी?

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा आणि एवढे लक्षात ठेवा: शटरने आजूबाजूचा उजेड कमी-जास्त होतो, फ्लॅशचा नाही. कारण फ्लॅश सेकंदाच्या अगदी छोट्या भागात उडून जातो. अॅपर्चर आणि आयएसओने मात्र दोन्ही बदलतात.

म्हणून क्रम असा ठेवा. फ्लॅश बंद ठेवून आधी मागचे दृश्य हवे तसे, किंचित गडद येईल असे सेटिंग करा. मग फ्लॅश १/८ पॉवरवर सुरू करा. चेहरा काळा आला तर पॉवर वाढवा, पांढरा आला तर कमी करा किंवा स्टँड मागे न्या. अंतर दुप्पट केले की उजेड अर्धा नव्हे, पाव होतो. एक मीटरवरून दोन मीटर म्हणजे पूर्ण पॉवरवरून पाव पॉवरवर येण्यासारखेच.

शटरला एक मर्यादा आहे. बहुतेक परवडणाऱ्या कॅमेऱ्यांत ती १/२०० सेकंदाच्या आसपास असते. त्याहून वेगवान शटर ठेवले तर शटरचा पडदा फ्लॅशच्या आड येतो आणि फोटोत काळा पट्टा उमटतो. नव्याने शिकणारा हमखास समजतो की फ्लॅश बिघडला!

खानदेशी उन्हापुढे छोटा फ्लॅश टिकेल?

हिशेब करून पाहू. भर उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० ठेवले तर अॅपर्चर एफ/११ च्या जवळ लागते. फ्लॅशची ताकद गाइड नंबरने मोजतात. तो भागिले अॅपर्चर म्हणजे उजेड पुरेल ते अंतर. गाइड नंबर ३६ धरला तर ३६ भागिले ११, म्हणजे सव्वातीन मीटर. छत्री साधारण दोन स्टॉप उजेड खाते, त्यामुळे अंतर निम्मे होऊन जेमतेम दीड मीटरवर येते. तेही प्रत्येक वेळी पूर्ण पॉवरवर. सेल लवकर संपतात, फ्लॅश तापतो आणि काही फोटोंनंतर थांबतो.

यावर उपाय साधा आहे. जोडप्याला निंबाच्या दाट सावलीत घ्या. तिथे उजेड तीन स्टॉपने कमी असेल तर अॅपर्चर एफ/४ पर्यंत उघडते आणि दीड मीटरवरच्या छत्रीला १/८ ते १/४ पॉवर पुरते. सावली नसेल तर सूर्य पाठीशी घ्या आणि फ्लॅश समोरून, बाजूने द्या. दुपारऐवजी पाचनंतरची वेळ मिळाली तर लळिंगच्या किल्ल्याचा उतार असो की मेहरूण तलावाचा काठ, हाच छोटा फ्लॅश दमदार वाटू लागतो.

मंडपात काय सांभाळावे?

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश छताकडे वळवून उजेड परतवण्याची युक्ती पांढऱ्या स्लॅबखाली चालते. मंडपाचे कापड लाल-पिवळे असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. तिथे स्टेजच्या कोपऱ्यात स्टँडवर, छत्रीतून येणारा उजेड बरा.

पण मंडपात लहान मुले पळतात, वाऱ्याचा एखादा झोत येतो आणि छत्री शिडासारखी फुगते. स्टँड कुणाच्या डोक्यात पडला तर फोटो बाजूलाच राहतो. पाच लिटरचा पाण्याचा कॅन किंवा वाळूची पिशवी स्टँडच्या मध्यभागी खाली अडकवा. वारा जास्त असेल तर छत्री मिटून ठेवा. होम सुरू असताना स्टँड धगीपासून आणि जा-ये करण्याच्या वाटेपासून दूर असावा.

सराव घरातूनच

पहिला सराव कुणाच्या लग्नात नको. घरातल्या टेबलावर भरिताचे हिरवे वांगे ठेवा. खोली अंधारी करा. फ्लॅश आधी समोरून, मग डावीकडून, मग वरून आणि शेवटी मागून मारा. वांगे गोल कधी दिसले आणि सपाट कधी, ते चार फोटो शेजारी ठेवून पाहा. चेहऱ्याचे गणित याहून फार वेगळे नाही.

जमले की सोनगीरचे तांब्या-पितळेचे भांडे घ्या. ते अवघड, कारण चकचकीत धातूवर उजेडापेक्षा उजेडाच्या उगमाचे प्रतिबिंब दिसते. उघड्या फ्लॅशचा पांढरा ठिपका येतो, तर पांढरे धोतर ताणून त्यामागून फ्लॅश मारला की लांब, मऊ चकाकी येते. हे साधले तर दागिने, भांडी, खाद्यपदार्थ यांच्या जाहिरातीसाठी फोटो काढून देण्याचे कामही घेता येते. जळगावच्या सराफ बाजारापासून छोट्या गृहउद्योगांपर्यंत अनेकांना ऑनलाइन विक्रीसाठी असे फोटो लागतात. लग्नसराई संपल्यावर हेच काम हात देते.

आणि फ्लॅश कुठे नको?

जळगावहून साधारण ६० किलोमीटरवरच्या अजिंठा लेण्यांत चित्रांच्या जपणुकीसाठी फ्लॅशला मनाई आहे. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांपाशी, बैलजोडी किंवा वरातीतल्या घोड्याच्या अगदी तोंडासमोरही तो उडवू नये. जनावर बुजले तर इजा होऊ शकते.

नवा कॅमेरा पुढे केव्हाही घेता येईल. त्याआधी हाताशी असलेल्या कॅमेऱ्यावर एक फ्लॅश, एक छत्री आणि महिनाभराचा सराव करून पाहावा. ‘मोबाइलमधले बरे आले’ या वाक्याला तेवढे उत्तर बहुतेक वेळा पुरते.